फ्यूजच्या पैशात घासाघीस नको

व्यापारी व कारागीर बांधवांनो,

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे फिरते दुकान असते. बेंबळीसारख्या गावात राहून कापडाचा धंदा करायचा तर सोलापूरहून माल आणायचा आणि गावोगावच्या बाजारात नेऊन विकायचा, हे ओघाने आलेच. गाडी बहुधा जुनी, रस्ता लांबचा, ऊन मराठवाड्याचे आणि तुळजापूरचा घाट चढायचा. अशा गाडीत पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि बॅटरीचे चार्जिंग दाखवणारे मीटर असावेत, हे आम्हांला मान्य आहे. इंजिन तापल्यावर लाल दिवा लागतो खरा, परंतु तोपर्यंत पुष्कळदा हेड गॅस्केट गेलेले असते. काटा मात्र आधीच सावध करतो.

तेव्हा मीटर जरूर बसवा. आमचे म्हणणे एवढेच की, ते ज्या तऱ्हेने बसवले जातात त्यात आपला माल आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. आणि त्याचा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही.

आमच्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. आमच्या जुन्या डिझेल जीपमध्ये आम्ही तापमानाचा मीटर बसवून घेतला. मिस्त्रीने मजुरीसह साडेतीनशे रुपये मागितले. आम्ही सवयीप्रमाणे घासाघीस करून अडीचशे दिले आणि शंभर रुपये वाचवल्याचे समाधान मानले. पुढे काही महिन्यांनी सोलापूरहून साड्या आणि सुती कापडाचे गठ्ठे भरून येत असताना घाटातच रबर जळल्याचा वास आला. डॅशबोर्डखालून धूर निघू लागला. गाडी बाजूला घेऊन बॅटरीचे टर्मिनल काढले म्हणून निभावले. अल्लाहचा फजल की, पुढचा एक गठ्ठा धुराने काळा पडण्यावरच भागले.

दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा सारा उलगडा झाला. बारीक वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. मध्ये फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या उघड्या भोकातून ती आत आणली होती. गाडीच्या हादऱ्याने पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण गेले आणि तार पत्र्याला टेकली. मिस्त्रीला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘शेठ, फ्यूज आणि रबर साडेतीनशेत होते.’’ आम्हांला उत्तर सुचले नाही.

कापडाच्या धंद्यात आपण हे रोज पाहतो. गिऱ्हाईकाने भाव फारच पाडला की मालात कुठेतरी सूत कमी होते किंवा पन्ना आखूड होतो. कापडातली ही कपात आपल्या बोटांना लगेच कळते, परंतु डॅशबोर्डमागची कपात आग लागेपर्यंत कळत नाही.

बारा व्होल्टचा गैरसमज

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची असते आणि हात लावला तरी झटका बसत नाही. त्यामुळे ती निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तार पत्र्याला टेकली की तीच बॅटरी शेकडो अँपियर करंट सोडू शकते. मीटरला मात्र बहुधा एक अँपियरही लागत नाही. एवढा करंट बारीक तारेतून गेला की ती लाल होते आणि तिच्या आवरणासह आजूबाजूचे सारे पेटते. फ्यूज मीटर वाचवण्यासाठी असतो हा समज चुकीचा आहे. तो तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो मीटरजवळ लावून उपयोग नाही. करंट जिथून घेतला तिथून एका वितीच्या आत तो हवा. अशा मीटरला दोन किंवा तीन अँपियरचा फ्यूज पुरतो. तो उडाला तर कारण शोधावे. त्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दुकान उघडे टाकणे होय.

काम करून घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. हात घालण्यापूर्वी बॅटरीची मायनस वायर काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. करंट शक्यतो किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या ठिकाणाहून घ्यावा. पत्र्याच्या भोकात रबरी बुश असलाच पाहिजे. जोड पिळून त्यावर टेप गुंडाळू नये, कारण उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो. थिंबल दाबून किंवा डाग देऊन वर स्लीव्ह चढवावी. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट बसवावी, नाहीतर काटा खोटे बोलतो. वायर सायलेन्सरच्या नळीपासून दूर बांधावी.

जुन्या पद्धतीच्या अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सारा करंट डॅशबोर्डपर्यंत येतो. त्याऐवजी व्होल्टमीटर बरा. इंजिन चालू असताना त्याने साधारण साडेतेरा ते साडेचौदा दाखवावे. तेलाच्या दाबाचा मीटर नळीचा घेतला तर गरम तेल केबिनमध्ये येते, म्हणून सेन्सरचा घ्यावा. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणातील वायरला हात लावू नये. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली तपासणीचे सॉकेट असते. त्यात लावायचा मीटर घेतला तर एकही वायर कापावी लागत नाही.

बाहेरून बसवलेल्या सामानाचा प्रश्न केवळ जुन्या जीपचा नाही. २०१० साली टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कंपनीने तपासाअंती जी कारणे सांगितली त्यांत बाहेरून जादा बसवलेली विजेची उपकरणे हेही एक होते. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये वायरिंग व एक्झॉस्टसाठी जादा संरक्षण मोफत बसवून देण्याचे कंपनीने जाहीर केले. मोठ्या कारखान्याला जे महत्त्वाचे वाटले ते आपण शंभर रुपयांसाठी सोडतो.

आगीनंतर भरपाईची आशाही फारशी नसते. आपल्यापैकी अनेकांची पॉलिसी थर्ड पार्टीचीच असते. तिच्यात स्वतःची जळालेली गाडी येत नाही. गाडीचा पूर्ण विमा असला तरी आतले कापड त्यात धरले जात नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. उधारीवर आणलेला माल जळाला तरी पेढीचे देणे मात्र राहते.

दोघांची जबाबदारी

वायरिंगचे काम करणारे बरेच तरुण आपल्याच समाजातले आहेत. उस्तादाच्या हाताखाली ते शिकले. मीटरच्या डब्यातला कागद इंग्रजीत असतो आणि तो न वाचताच फेकला जातो. आमचेही शिक्षण उर्दूतून झाले. तो कागद आम्ही दुकानातल्या पोराकडून वाचून घेतला, तेव्हा फ्यूज किती अँपियरचा हवा हे त्यात स्पष्ट लिहिलेले निघाले. गॅरेजवाल्यांनी असे कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावेत आणि शागिर्दांना आयटीआयची वाट दाखवावी.

कारागिरांना आमची विनंती आहे की, मजुरी कमी मिळत असेल तर काम नाकारा, पण फ्यूज गाळू नका. गिऱ्हाईकाची गाडी तुमच्याकडे अमानत असते. आणि व्यापारी बांधवांनो, पुढच्या वेळी मिस्त्रीने जादा पैसे मागितले तर आधी विचारा की, ते कशाचे आहेत. फ्यूजचे असतील तर निमूटपणे द्या. उंट बांधून मग तवक्कल करण्याची हदीस आपण सारे जाणतो. आपल्या गाडीतला दोर म्हणजे हा छोटा फ्यूजच आहे.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि प्रवासात सर्वांची हिफाजत करो. आमीन.

— एक कापड व्यापारी, बेंबळी