डुकरासाठी मोठी रायफल नको, योग्य गोळी हवी



मका दुधात आला की आपल्यात एकच चर्चा सुरू होते, मोठी रायफल घ्यायची का? ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे किंवा जे परवानाधारक शूटर बोलावतात, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: काडतूस मोठं करून डुक्कर पडत नाही. गोळीचं टोक बघा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बारा बोअर, नाहीतर .३१५. (.३०३ लष्करी, त्यामुळे साध्या परवान्यावर मिळत नाही.) .३१५ ची गोळी ८ मिलिमीटरची, २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. जड आणि तशी संथ. मोबाईलवर व्हिडिओ बघणारी पोरं तिला जुनाट म्हणतात, त्यांना ९.३×६२ हवी असते. ते काडतूस ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये काढलं, आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्या-शिकाऱ्यांसाठी. गोळी साडेअठरा ग्रॅमची. तिथं समोर रानरेडा यायचा. आपल्यासमोर मक्यातलं डुक्कर, तेही पन्नास-साठ पावलांवर. त्याला .३१५ भरपूर झाली.

पण गोळी सॉफ्ट नोजच पाहिजे. तिचं शिशाचं टोक उघडं असतं, आत शिरलं की फुलतं आणि जनावर लवकर पडतं. पूर्ण आवरणाची गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. पुढं कोणाची वस्ती आहे ते तिला कळत नाही. आणि जखमी डुक्कर शेजारच्या उसात बसतं, सकाळी खुरपणीला बायका तिकडंच जातात. हे विसरू नका.

बारा बोअरचे एलजी छर्रे तीसेक पावलांपर्यंतच ठीक. त्यापुढं ते फाकतात. नुसती जखम होते.

नेम चुकला तर सॉफ्ट नोजसुद्धा किलोमीटरच्या पुढं जाते. म्हणून मचाणावरून, खाली मातीकडंच मारायला सांगा. पलीकडं काय आहे ते दिसत नसेल तर त्या रात्री मका गेला तरी चालेल.

वनविभागाची लेखी परवानगी आधी, बंदूक नंतर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, वाटे घालायचे नाहीत. कुंपणात करंट आणि गावठी बॉम्ब तर अजिबात नको.

शूटर आला की काडतुसाचा डबा आधी बघायला मागा. अर्जाचा नमुना कंपनीच्या ऑफिसात ठेवला आहे, येताना सातबारा आणा.