भांडारातील पोथी आणि रक्तातील लेख

मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्री पोथ्या कित्येक शतके जपून ठेवलेल्या होत्या. यात्रेकरू येत, दुरून दर्शन घेत, मस्तक नमवीत आणि परत जात. ग्रंथ सुरक्षित होता, पण वाचला जात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने त्याच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे अमरावतीस प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले, त्यांना कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य लाभले आणि 1939 मध्ये पहिला खंड प्रकाशित झाला. त्यामागे भेलसा येथील शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून उभा राहिलेला निधी होता. या दानातून मंदिर उभे राहिले नाही की नवी मूर्ती घडली नाही. जे आधीच होते, ते वाचले जावे, एवढ्यासाठीच तो पैसा खर्च झाला.

आज वैद्यकशास्त्रात नेमका हाच प्रश्न उभा आहे. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे 300 कोटी अक्षरांचा आनुवंशिक लेख असतो. गेल्या दोन दशकांत जगभरातील लाखो माणसांचे असे लेख, संपूर्ण वा अंशतः, संगणकांत साठविले गेले आहेत. ब्रिटनमधील यूके बायोबँक या उपक्रमात 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वर्षे वयाच्या सुमारे 5 लाख स्त्रीपुरुषांनी रक्ताचे नमुने दिले. अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पात 33 प्रकारच्या कर्करोगांच्या 11,000 हून अधिक रुग्णांची माहिती नोंदली गेली. कोणी मधुमेहासाठी नमुना दिला, कोणी हृदयविकारासाठी. परंतु लेख एकच असतो. प्रश्न बदलला की त्याच लेखातून दुसरे उत्तर मिळू शकते. जुनी खतावणी कर भरण्यासाठी लिहिलेली असली, तरी तीत कोणत्या ऋतूत कोणता माल अडून राहतो हेही वाचता येते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केवळ उपलब्ध माहितीच्या पुनर्विश्लेषणासाठी स्वतंत्र संशोधन अनुदान ठेवले. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे एकत्र आणावेत आणि कर्करोगाच्या आनुवंशिक जोखमीचा नकाशा अधिक स्पष्ट करावा, हा त्याचा हेतू. भर नवे नमुने गोळा करण्यावर नसून साठलेले वाचण्यावर आहे. एकत्र आणण्याची गरजही खरी आहे. एखाद्या जनुकातील बारीकसा बदल जोखीम किंचितच वाढवीत असेल, तर शंभर किंवा हजार रुग्णांत तो दिसतच नाही. त्यासाठी लाखांची संख्या लागते. 2017 मध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी अनेक देशांतील जुन्या-नव्या अभ्यासांची माहिती एकत्र करण्यात आली. युरोपीय वंशाच्या 1,22,977 रुग्ण स्त्रिया आणि एक लाखाहून अधिक निरोगी स्त्रिया यांची तुलना झाली, तेव्हा जोखमीशी निगडित अशी 65 नवी स्थाने हाती आली.

अशा पुनर्वाचनाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र एका लहान, बहुतांशी आपसांत विवाहसंबंध ठेवणाऱ्या समाजाचे आहे. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजातील अनेकांनी टे-सॅक्ससारख्या अगदी वेगळ्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीसाठी रक्त दिले होते. 1994 मध्ये बीआरसीए-1 हे स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित जनुक हाती लागले आणि पुढच्याच वर्षी संशोधकांनी अशा 858 व्यक्तींचे आधीच साठविलेले नमुने नव्या दृष्टीने तपासले. शेकडा सुमारे एका व्यक्तीत त्या जनुकातील एकच विशिष्ट दोष आढळला. नमुने देणाऱ्यांपैकी कोणीही कर्करोगासाठी तपासणीला आलेले नव्हते.

हे ऐकून त्या समाजात खळबळ झाली. ‘आमच्यावर शिक्का बसेल’, ‘मुलींची लग्ने कशी होतील’, ‘विमा कोण देईल’ अशा शंका निघाल्या. तरीही समाजाने पाठ फिरवली नाही. वॉशिंग्टन परिसरातील 5,318 ज्यू स्त्रीपुरुष स्वेच्छेने पुढे आले. 1997 च्या त्या अभ्यासातून दिसले की असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या सत्तरीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा 56 आहे. केवळ रोगग्रस्त कुटुंबांवरून बांधलेले आधीचे अंदाज याहून पुष्कळ अधिक होते. म्हणजे समाज पुढे आल्यामुळे जोखीमही कळली आणि अतिरंजित भीतीही ओसरली. आज त्या समाजात साधारण चाळिसांत एका व्यक्तीकडे असा दोष असतो हे ठाऊक आहे, आणि त्यामुळे अनेक स्त्रिया वेळेवर तपासणी करून घेतात.

भारतातही शेकडो समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाहसंबंध ठेवले आहेत. परंतु 2019 च्या एका गणनेनुसार अशा जनुकीय अभ्यासांतील सुमारे 79 टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा नेमका बसत नाही. युरोपीयांवरून बांधलेले जोखमीचे गणितही इतरांना तितके नेमके लागू पडत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने भारतीय रुग्णांतील पित्ताशयाच्या कर्करोगाचा असा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला, ही आश्वासक सुरुवात आहे. 9 जानेवारी 2025 रोजी जीनोम इंडिया प्रकल्पातील 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली झाली. फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ती साठविलेली आहे. पोथी आता आपल्या देशातही आहे. ती वाचणाऱ्या विद्वानांना वर्षानुवर्षे पोसणारा निधी हवा.

पोथी खुली करण्याचीही मर्यादा असते. अमेरिकेतील हावासुपाई या आदिवासी जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. ते मानसिक आजार आणि वंशाचे मूळ यांच्या अभ्यासासाठीही वापरले गेले. जमातीने न्यायालयात दाद मागितली आणि 2010 मध्ये विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. जे दान दात्याला न सांगता दुसरीकडे वळविले जाते, ते दान राहत नाही. तो अदत्तादानाचाच प्रकार. म्हणून आजच्या जबाबदार माहिती-भांडारांत नाव-पत्ता काढून टाकलेला असतो, संशोधकाला प्रयोजन लिहून अर्ज करावा लागतो, समिती तो तपासते आणि मूळ संमतीच्या बाहेरचा वापर नाकारला जातो.

या सर्वांत घरातील माणसांनी काय करावे? पहिली गोष्ट, रुग्णालयात संमतिपत्र पुढे आले की ते हुंडीइतक्याच काळजीने वाचावे. नमुना पुढील संशोधनासाठी ठेवणार काय, नाव गुप्त राहील काय, संमती मागे घेता येईल काय, हे निःसंकोच विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील तर सही करण्यास कचरू नये. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आत्याला किंवा आजीला कोणता आजार होता, हे स्थळ मोडेल या भयाने पुष्कळ घरांत झाकले जाते. आईकडून जितका, तितकाच वडिलांकडूनही दोष मुलीकडे येऊ शकतो. तेव्हा झाकलेली हकीकत कोणत्या नातीच्या जिवावर बेतेल, हे सांगता येत नाही. आजारांची ही वंशावळ निदान डॉक्टरांपुढे तरी उघडी असावी.

तिसरी गोष्ट, भय धरू नये. एकूण कर्करोगांपैकी ठळक आनुवंशिक दोषातून उद्भवणारे शेकडा पाच ते दहाच मानले जातात. तंबाखूचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. सत्तेत असलेले कर्म आणि उदयास आलेले कर्म यांतील भेद ज्यांच्या घरी लहानपणापासून शिकविला जातो, त्यांना जोखीम म्हणजे निकाल नव्हे, हे वेगळे समजावून देण्याची गरज पडू नये. मधल्या अंतरात पुरुषार्थाला जागा आहे.

राहिला दानाचा प्रश्न. औषधदानाची परंपरा समाजाने रुग्णालये आणि धर्मार्थ दवाखाने उभारून उत्तम सांभाळली. इमारतीवर नाव कोरता येते, यंत्रावर पाटी लावता येते. संगणकापुढे बसून पाच वर्षे आकडे जुळविणाऱ्या तरुण संशोधकाच्या वेतनावर पाटी लागत नाही. मात्र शास्त्रदान आणि औषधदान ही दोन्ही तिथे एकत्र येतात. भेलशाच्या शेठजींनी दान दिले तेव्हा त्यातून एकही नवी पोथी लिहिली जाणार नव्हती. तरीही त्या दानामुळेच धवला आज घरोघरी पोहोचू शकली.