बाण, फास आणि तार

माझा विस्कॉन्सिनमधला भाचा हा ब्लॉग नेमाने वाचतो. गेल्या वर्षी त्याने हरणाच्या शिकारीसाठी क्रॉसबो घेतला आणि फोनवर विचारले, "मामा, तुमचा हरभरा रोही खातात म्हणता, मग तिकडे असे काही का नाही वापरत?" तेव्हा अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले इथे देतो, म्हणजे बाकीच्या भाचेमंडळींनाही पोचेल.

क्रॉसबो म्हणजे आडवे धनुष्य, बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेले. त्याची निगा मोठी. दोरीला मेण चोळायचे, बाण सरकतो त्या पन्हळीला तेल द्यायचे, दोरीचे धागे सुटू लागले की ती बदलायची. आणि बाण न लावता चाप ओढायचा नाही, कारण सगळा जोर कमानीवर उलटतो आणि ती तडकते. हे ऐकताना मला पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडांवरचे तिरकमठे आठवले. बांबूची कमान, बांबूच्याच पातळ कामटीची दोरी. काम झाले की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर कमान वाकलेलीच राहते आणि जोर जातो. रिकामी दोरी ताणून सोडणाऱ्या पोराला म्हातारे रागवायचे. शास्त्र तेच बघा!

पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच असावी असे माझे स्पष्ट मत आहे. टिपेश्वरचे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तिथले वाघ चितळ, सांबर, रोही, रानडुकरांवरच जगतात. (रोही हे हरिण नव्हे बरे का. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, रोह्याची आणि काळविटाची गळत नाहीत. मास्तरकी सुटत नाही!) पीक खाणाऱ्या काही जनावरांना मारायची परवानगी कायद्याच्या ११ व्या कलमात आहे, पण ती अधिकाऱ्याने लेखी द्यावी लागते. रात्री दोन वाजता कळप वावरात शिरला असताना ती कुठून आणायची?

मग लोक काय करतात? धुऱ्यावर तार लावतात. कोणी साधा तारेचा फास, कोणी थेट विजेचा प्रवाह. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यात असे फास रुतलेले सापडले आहेत. विजेच्या तारेला तर रोही, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी सारखेच. माझा राग इथे आहे. तिरकमठा धरणारा निदान बाणाच्या मागे उभा असायचा, काय मारतो आहे ते त्याला दिसायचे. तार लावणारा घरी झोपलेला असतो.

फासेपारध्यांचेही तसेच. त्यांच्या नावातच फास आहे. फास ओळीने मांडायचे, कळप तिकडे वळवायचा आणि स्वतः जवळ राहायचे. फाशात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस ते सोडून देत, असे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली नोंदवून ठेवले आहे. या माणसांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की अजूनही नजर त्यांच्याच बेड्याकडे वळते. रानाची एवढी जाण असलेला माणूस आपण फुकट घालवला.

म्हणून माझे म्हणणे असे, की जागलीला मजुरी द्या. पूर्वी माचणावर बसून, गोफण फिरवून, आरोळ्या देऊन पीक राखायचे. आता माणूस परवडत नाही म्हणून तार आली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला रात्रीची राखण हे काम म्हणून मान्य करता येणार नाही का? पारधी आणि कोलाम तरुणांना त्यात आधी घ्यावे. जनावराची वाट त्यांच्याइतकी कोणाला कळते? सौर झटका मशीनही चांगले, धक्का बसतो पण जीव जात नाही. मात्र एकट्याने लावले तर कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो. ते शिवारभर लागले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, पैसा कुठून येणार? नुकसानभरपाईला आजही पैसा लागतोच. आमच्याकडे तर पंचनाम्याला कोणी येईपर्यंत खाल्लेल्या हरभऱ्याला नवे फुटवे आले होते, आणि आलेल्या माणसाने ते पाहून नुकसान कमी लिहिले. असो. भाच्याला एवढेच, की त्याचा क्रॉसबो त्याने तिकडेच ठेवावा. इकडे येताना चांगली बॅटरी आण बाबा, लांब उजेड टाकणारी. तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत.