स्वीकार : कसोटी कोणाची?

पालीचा गणपती भक्ताच्या नावाने ओळखला जातो. रायगड जिल्ह्यातील या गावची आख्यायिका सर्वश्रुत आहे. मुलाच्या भक्तीने संतापलेल्या कल्याण शेठजींनी बल्लाळाला मारले, झाडाला बांधले, त्याने पूजलेला पाषाण भिरकावून दिला. पुढे देव प्रकटला तो बल्लाळासाठी. बापाच्या संमतीवाचून कथेचे काहीच अडत नाही. समलिंगी दिग्दर्शकांच्या आत्मपर माहितीपटांविषयी बोलताना मात्र आपला पहिला, आणि बहुधा शेवटचाही, प्रश्न एकच असतो : घरच्यांनी स्वीकारले का?

प्रश्न सहृदय वाटतो. वस्तुतः तो मुलाला अर्जदार आणि कुटुंबाला न्यायपीठ ठरवतो. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना गावाने त्यांना स्वीकारले की नाही, यावर आपण त्या आत्मकथनाचे मोल ठरवले नाही. मग इथेच ही कसोटी का?

निशित सरन यांचा ‘समर इन माय व्हेन्स’ (१९९९) घ्या. आईला आपले समलिंगीपण सांगण्याचा क्षण त्यांनी कॅमेऱ्यासमोरच घडू दिला. लेखक आईचे बोलणे आठवतो, लिहितो, खोडतो. इथे तिचा चेहरा तिला सावरण्याची उसंत मिळण्याआधीच टिपला जातो. तिने मुलाला जवळ केले, हे खरे. पण कॅमेऱ्यादेखत नाकारणे घरातल्या नकाराहून किती अवघड! तेव्हा कळीचा प्रश्न आईला नव्हे, मुलाला विचारावयाचा आहे. (सरन २००२ मध्ये अपघातात गेले. पुढे मिन्ना सरन कलम ३७७ विरुद्धच्या लढ्यात पालकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. माझ्या शंकेला हे उत्तर आहे. पण ते चित्रपटाबाहेरचे.)

सोनाली गुलाटी यांच्या ‘आय ॲम’मध्ये (२०११) उत्तर देणारी व्यक्तीच उरलेली नाही. आईला सांगायचे राहून गेले. दिल्लीतले बंद घर उघडताना दिग्दर्शिका इतरांच्या आईवडिलांना भेटत राहते. स्वीकाराच्या मापाने हा चित्रपट अपुराच ठरेल.

मराठीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सचे पारितोषिक मिळाले. स्वानुभवावर बेतलेला असला तरी तो कथापट. त्यातल्या आईला सारे आधीच ठाऊक असते. ताण येतो तो सुतकाच्या दहा दिवसांत लग्नाचा धोशा लावणाऱ्या नातलगांमुळे. ही मोठीच सुटका आहे. पण तिथे आईची भूमिका अभिनेत्री करते. माहितीपटातल्या आईने ‘बंद कर ते’ म्हटले, तर ते तीन शब्द ठेवायचे की कापायचे, हे संकलनाच्या टेबलावर मुलगा एकटाच ठरवतो.