पुनरुक्तीचा हिशेब

निबंधात एकच शब्द पुनःपुन्हा आला, तर गुरुजी त्याखाली लाल रेघ ओढतात. आणि ते योग्यच आहे. परंतु साहित्यात जी पुनरुक्ती दोष ठरते, तीच हिशेबात सत्याचा आधार असते. संगणकाच्या ह्या युगात ही साधी गोष्ट आपल्या पुरती ध्यानी आलेली नाही, असे मला वाटते. म्हणून विद्यार्थीमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे हा विचार मांडीत आहे.

शाळेत आपण संच शिकतो. एखादा घटक आहे की नाही, एवढेच संच पाहतो. तो किती वेळा आहे, हे तो विचारीत नाही. २, २, १, १ हा समूह आणि १, २ हा समूह संचाच्या दृष्टीने एकच. भास्कराचार्यांनी मात्र ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात २, २, १, १ ह्याच अंकांपासून किती संख्या होतील व त्यांची बेरीज किती होईल, असा प्रश्न घातला आहे. उत्तर आहे सहा संख्या, आणि बेरीज ९९९९. पुनरुक्ती गाळून टाकली, तर १२ आणि २१ एवढ्या दोनच संख्या हाती उरतील! घटक आणि त्याची आवृत्ती ह्या दोहोंची नोंद राखणाऱ्या समूहास इंग्रजीत मल्टिसेट अथवा बॅग म्हणतात. आपण त्यास बहुसंच म्हणू, किंवा सरळ पिशवी.

निपाणीकरांस ह्याचे महत्त्व पटवून देण्यास दूर जावयास नको. विड्या वळणाऱ्या आयाबहिणींची मजुरी हजारी दराने ठरते. समजा, एकीने हजार विड्या आणल्या व त्यांतील वीस नापास झाल्या. ९८० विड्यांची मजुरी तिला मिळावयास हवी. आता हाच हिशेब कॉमन लिस्प ह्या संगणकभाषेत करू. हजार वेळा ‘विडी’ लिहिलेल्या यादीतून वीस वेळा ‘विडी’ लिहिलेली यादी तेथील संच-वजाबाकीच्या तयार क्रियेने वजा केली, तर उत्तर येते रिकामी यादी. यंत्र चुकलेले नसते; त्याला संचाचा नियम सांगितला, तो त्याने पाळला. चूक असते ती जेथे पिशवी हवी होती तेथे संच वापरणाऱ्याची. आणि तिचे मोल मात्र भरावे लागते विड्या वळणारीस.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५८ साली आखावयास घेतली. यादी हाच तिचा प्राण. स्कीम ही तिचीच एक सुटसुटीत बोली, १९७५ साली ससमन आणि स्टील ह्यांनी सिद्ध केलेली. हिच्यात पिशवी रचणे आठवी-नववीच्या मुलांसही अवघड नाही. प्रत्येक वस्तू आणि तिची संख्या ह्यांची एक जोडी करावी व अशा जोड्यांची यादी ठेवावी: ((चांगली . ९८०) (नापास . २०)). वस्तू आत टाकताना तिची जोडी शोधावी. सापडली तर संख्या एकाने वाढवावी, न सापडली तर एक ही संख्या घालून नवी जोडी जोडावी. बाहेर काढताना संख्या एकाने कमी करावी.

परंतु खरे शिक्षण येथून पुढे आहे. संख्या शून्यावर आली, तर जोडी ठेवावी की काढून टाकावी? ठेवली, तर एक रिकामी पिशवी दुसऱ्या रिकाम्या पिशवीशी जुळणार नाही. दोन वस्तू एकच आहेत, हे कशावरून ठरवावे? स्कीममध्ये ह्यासाठी निरनिराळ्या कसोट्या आहेत. चुकीची निवडली, तर तीच अक्षरे असलेले दोन शब्दही यंत्रास निराळे भासतात, आणि एकाच वस्तूच्या दोन जोड्या होतात. दोन पिशव्या एकत्र करताना संख्यांची बेरीज घ्यावी, की दोहोंतील मोठी संख्या? दोन दिवसांचे काम मोजावयाचे असेल तर बेरीज. एकाच कामाच्या दोन अपुऱ्या नोंदी जुळवावयाच्या असतील, तर बेरजेने तेच काम दोनदा मोजले जाईल. हा निर्णय यंत्र घेत नाही. तो माणसास घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, “पिशव्या तयार मिळतात, मग हा खटाटोप कशास?” आक्षेप खरा आहे. स्कीममध्ये संच व पिशव्या ह्यांचा तयार संग्रह आहे. वस्तू हजारोंनी असतील, तर आरंभापासून शोधाव्या लागणाऱ्या यादीपेक्षा हॅश टेबलच बरे. रोजच्या कामासाठी तयार वस्तू अवश्य वापरावी. परंतु जिने स्वतः एकदा पिशवी रचली आहे, तीच तयार पिशवी घेताना विचारील की, हिच्यात बेरीज होते की मोठी संख्या उरते? पाढे पाठ असलेल्या मुलीस दुकानदाराची बेरीज जशी तपासता येते, तसेच हे आहे.

म्हणून माझे मत असे की, शाळेच्या संगणकाच्या तासाला चित्रे रंगविण्यात आणि मजकूर टंकित करण्यातच सारा वेळ जाऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एक लहानशी पिशवी तरी स्वतः रचावी, आणि तिच्यात आपल्या घरातील खरा हिशेब भरून पाहावा. कष्टांची मोजणी उत्तरोत्तर यंत्रांच्या हाती जात आहे. ती मोजणी कोणत्या नियमाने चालते, हे विचारण्याचे सामर्थ्य कष्ट करणाऱ्यांच्या मुलांच्या अंगी असावे, ह्यापरते संगणक-शिक्षणाचे मोठे फळ ते कोणते?