जुना मिनी राउंड बेलर घेताय? आधी पीटीओचा स्लो-मो काढा

भाताची कापणी उरकली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनच गोष्टी येतात, लग्नाच्या पत्रिका आणि यंत्रांच्या जाहिराती. गेल्या नोव्हेंबरात मामांनी एका जुन्या मिनी राउंड बेलरची लिंक टाकली. "दोन सीझन वापरलेला, २० एचपीवर आरामात चालतो, १ लाख ८० हजार." खाली मला टॅग करून, "तू इंजिनिअर ना? सांग, घेऊ का?" मी कोड लिहिते, बेअरिंग बदलत नाही. पण मामा ॲडव्हान्स पाठवायच्या तयारीत होते, म्हणून अभ्यासाला बसले.

मामांची भाताची खाचरं घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या बाजूला आहेत. घरी सहा गाई आणि २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर. पेंढा बांधायला माणसं मिळत नाहीत, आणि उघड्यावर राहिलेला पेंढा अवकाळी पावसात काळा पडतो. म्हणजे गरज खरी आहे.

बेलर काय करतो ते थोडक्यात. शेतात ओळीनं पडलेला पेंढा पुढचे दात उचलतात, आत रोलर तो गोल गुंडाळतात, चेंबर भरला की सूचना मिळते. मग ट्रॅक्टर थांबवायचा, सुतळी गुंडाळू द्यायची आणि मागचं दार उघडून गठ्ठा खाली सोडायचा. मिनी मॉडेलचा गठ्ठा साधारण अर्धा मीटर व्यासाचा असतो आणि भाताचा पेंढा असेल तर वजन २० किलोच्या आसपास. एक माणूस उचलू शकतो. या सगळ्याला ताकद पुरवतो ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ.

आता भावाचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून बेलरसकट बहुतेक शेतीयंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा करापूर्वी ३ लाखांचं यंत्र आहे. आधी ते ३ लाख ३६ हजारांना पडायचं, आता ३ लाख १५ हजारांना. नवीन २१ हजारांनी उतरलं तर जुनंही उतरायला हवं ना? जाहिरातींमध्ये मात्र जुनाच हिशोब चालू आहे, "नवीन घ्यायला गेलात तर ३ लाख ३६ हजार लागतात" वगैरे. नवीन फोन स्वस्त झाला की जुन्याचा भाव आपण लगेच पाडून मागतो. इथेही तेच करायचं. शिवाय महाडीबीटीवरून मिळणारं अनुदान नवीन यंत्राला आहे, जुन्याला नाही. त्यामुळे तुलना करताना अनुदान वजा केलेल्या नव्या किमतीशी करा.

जाहिराती पंजाब-हरियाणातूनही येतात. तिथे पराली जाळणं थांबवण्यासाठी २०१८-१९ पासून केंद्राच्या योजनेतून अशा यंत्रांना ५० ते ८० टक्के अनुदान मिळालं. त्यातले बरेच चौकोनी गठ्ठ्याचे मोठे बेलर आहेत आणि त्यांना ५० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो. आपल्या द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरला ते ओढवणार नाहीत. अनुदानाचं यंत्र ठरावीक काळ विकू नये अशी अटही असते, म्हणून मूळ बिल बघितल्याशिवाय बोलणी नकोत. ॲडव्हान्स मागणाऱ्याचा फोटो आधी गूगल लेन्समधून फिरवा. तोच बेलर तीन राज्यांत तीन नावांनी विकायला असेल तर विषय संपला. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

मामांचा विक्रेता खरा निघाला. नारायणगावच्या पुढे, हायवेलगतच्या एका शेडमध्ये यंत्र होतं. तो म्हणाला संध्याकाळी या. मामा म्हणाले, "नको, सकाळी येतो. अंधारात उसाच्या कडेनं परत कोण येणार?" बिबट्याच्या पट्ट्यात राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. दिवसाच्या उजेडात वेल्डिंगचे सांधे दिसतात.

रंग नवा कोरा होता. गठ्ठे मोजणाऱ्या काउंटरवर फक्त २१२. पण चेनखालच्या स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. २१२ गठ्ठ्यांत असं होत नाही. काउंटर म्हणजे फोनच्या बॅटरीचा सायकल काउंट समजा, बदलला की शून्यापासून सुरू. झीज मात्र खोटं बोलत नाही. पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट काढून बघितला, तर त्या जागी भलताच कडक बोल्ट ठोकलेला. हा बोल्ट फ्यूजसारखा असतो, जोर जास्त झाला की आधी तो तुटायला हवा. तो तुटत नसेल तर मार गिअरबॉक्स खातो. चेंबरच्या रोलरची बेअरिंग, पिकअपचे तुटलेले दात, सुतळीची सुरी हे सगळंही बघायचंच, पण हे सुटे भाग मिळतात आणि त्यांचा खर्च भावातून वजा करता येतो. गिअरबॉक्सचा तसा करता येत नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट. मामा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले होते, तुम्हीही तेच करा. बेलरला साधारणपणे पीटीओचे ५४० आरपीएम लागतात, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. इंजिन बंद असताना शाफ्टच्या दिसणाऱ्या टोकावर पांढरी टेप लावली, मग चार हात लांब उभी राहून झूम करून २४० फ्रेमचा स्लो-मो काढला. हा व्हिडिओ आठपट हळू दिसतो, त्यामुळे १० फेऱ्यांना सुमारे ९ सेकंद लागायला हवेत. (बरेच फोन सुरुवात आणि शेवट नॉर्मल स्पीडनं दाखवतात, मधलाच भाग मोजा.) रिकामा चालवला तेव्हा ९ सेकंद, बरोबर. मग जमिनीवर पेंढ्याची ओळ घातली आणि गठ्ठा भरत आल्यावर पुन्हा मोजलं. ११ सेकंद. म्हणजे साधारण ४३५ आरपीएम, आणि सायलेन्सरमधून काळा धूर. विक्रेता म्हणाला, "पहिल्यांदाच आहे, सेट होईल." इंजिन काही सेट होत नसतं हो.

खरं तर हे घरीच थोडं कळलं असतं. ट्रॅक्टरवर लिहिलेले एचपी इंजिनचे असतात, पीटीओवर त्याहून कमी मिळतात. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेचे अहवाल पीडीएफमध्ये मिळतात, त्यात तुमच्या मॉडेलची पीटीओ ताकद मोजलेली असते. तीच बेलरच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी जुळवा. बेलर थ्री-पॉइंटवर बसणारा असेल तर त्याचं वजन आणि ट्रॅक्टरची उचलक्षमताही बघा, नाहीतर चढाला पुढची चाकं हलकी होतात.

पण यंत्र चांगलं निघालं असतं तरी मी मामांना एक हिशोब दाखवणारच होते. एकरी दीड टन पेंढा धरला तर ७५ गठ्ठे. मामांचं भात चार एकर, म्हणजे वर्षाला ३००. दहा वर्षांत ३,०००. एक लाख ८० हजार भागिले ३,००० म्हणजे सुतळी आणि डिझेल सोडून गठ्ठ्याला ६० रुपये. हाच खर्च ६ रुपयांवर आणायचा तर दरवर्षी ४० एकर हवेत. आणि आपल्याकडे भात विळ्यानं कापून खळ्यावर झोडतात, पेंढा खळ्यावर राहतो. बेलरला तो ओळीत लागतो. तालुक्याच्या पूर्वेला पाचट भरपूर आहे, पण गाई वाढे खातात, वाळलेलं पाचट नाही. त्यात माती आणि उसाचे तुकडे असतात, छोट्या बेलरची झीज त्यानं वाढते.

खळ्यावरचा पेंढा उभ्या बेलरला हातानं भरवायचा, असा उपाय शेडमधल्या एकानं सुचवला. तो अजिबात करू नका. पिकअप आपल्या हातापेक्षा खूप वेगानं ओढतो, माणसाला सोडायलाही वेळ मिळत नाही. अडकलेला पेंढा काढतानाही आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, आणि चावी स्वतःच्या खिशात. एवढं झाल्यावरच हात घालायचा.

मामांनी तो बेलर घेतला नाही. आता वाडीतल्या चौघांशी बोलणी चालू आहेत. दोघांकडे सपाट खाचरं आहेत, एकाकडे ३५ एचपीचा ट्रॅक्टर. एकत्र मिळून २६ एकर भरतात, अजून १४ कमी पडतात. तोवर खळ्यावरचा पेंढा ताडपत्रीखाली आहे, आणि विक्रेत्याचा परवा पुन्हा फोन आला होता, दीड लाखाला देतो म्हणून.