नवी बॅटरी घेण्यापूर्वी

एका वाचकबंधूंनी आम्हांस काकुळतीने पत्र लिहिले आहे. त्यांच्या जुन्या मोटारीचा क्लच घसरत होता. गॅरेजची मजुरी परवडेना, म्हणून धाकट्या भावास मदतीस घेऊन त्यांनी गिअरबॉक्स स्वतःच उतरविला, नवी क्लचप्लेट घातली आणि सारे काही जागच्या जागी आवळले. चावी फिरविली तो ‘कट्’ असा एकच आवाज झाला. इंजिन हलले नाही. दिवे मात्र लख्ख, हॉर्नही खणखणीत. शेजारच्यांनी निदान केले, बॅटरी गेली. नवी बॅटरी आणली. पुन्हा तोच ‘कट्’. आता दुसरे कोणी म्हणतात, स्टार्टर बदला. घरी वृद्ध आई आहे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावयाचा तर हीच गाडी. तेव्हा काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचे पहिले सांगणे असे की, स्टार्टर तूर्त विकत घेऊ नये. दुरुस्तीपूर्वी गाडी सुरू होत होती आणि दुरुस्तीनंतर होत नाही, तर जेथे आपला पाना फिरला तेथेच प्रथम संशय घ्यावा. धडधाकट स्टार्टर नेमका त्याच दुपारी निकामी व्हावा, हे अशक्य नाही. पण असे विरळाच घडते. गिअरबॉक्स उतरविताना स्टार्टरच्या तारा सोडाव्या लागतात, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनापासून किंवा गिअरबॉक्सपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी जाड अर्थची तारही सोडावी लागते. ही तार परत लावावयाची राहून जाते, अथवा रंगावर, गंजावर, तेलकट जागीच आवळली जाते. बोल्ट घट्ट बसतो. वीज मात्र जात नाही. ‘कट्’ आवाज येतो त्या अर्थी स्टार्टरची बारीक तार आपले काम करीत आहे. अडचण जाड तारांच्या वाटेवर असावी, असे आम्हांस वाटते.

दिवे लागतात मग वीज अडली कशी म्हणावी, असे कोणी विचारील. येथेच पुष्कळांची फसगत होते. पुढचा एक दिवा साधारण ५५ वॉटचा. दोन दिव्यांस मिळून जेमतेम ९ ते १० अँपिअर वीज लागते. लहान मोटारीच्या स्टार्टरला मात्र इंजिन फिरविताना १००-१५० अँपिअर सहज लागतात. आता एखाद्या गंजलेल्या जोडात केवळ ०.०२ ओहमचा अडथळा आहे असे धरा. दिव्यांच्या १० अँपिअरला तेथे ०.२ व्होल्टचे नुकसान होईल. डोळ्यांस ते कळणारही नाही. स्टार्टरच्या १५० अँपिअरला मात्र ३ व्होल्ट तेथेच गळतील, आणि उरलेल्या ताकदीत इंजिन फिरणे कठीण. शिवाय दिव्यांची अर्थ बहुधा सांगाड्यास असते, इंजिनास नसते; त्यामुळे इंजिनाची तार अजिबात सुटली तरी दिवे प्रसन्नपणे जळतात! अशा वेळी चावी पुनःपुन्हा फिरवीत बसू नये. अडलेली वीज क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढते आणि ती केबल तापून धूर निघतो.

परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घालून हातब्रेक ओढावा. जम्पकेबलीचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूस लावून चावी फिरवावी. इंजिन फिरले तर दोष अर्थच्या वाटेत आहे हे सिद्ध झाले. मल्टिमीटर असल्यास अधिक चांगले. त्याची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनावर ठेवून दुसऱ्याने चावी फिरवावी. काटा किंवा आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या फार पुढे गेला तर तार व तिचे जोड काढून काचकागदाने धातू चकाकेपर्यंत घासावेत. धन टोक ते स्टार्टरचा जाड बोल्ट, ही वाटही अशीच तपासावी. तेथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल.

बॅटरीचा न्यायही मीटरनेच करावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरत असताना ती ९.६ च्या खाली उतरू नये. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर, ज्यास आपल्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात, बॅटरी भरतो आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. काही नव्या गाड्यांत हा आकडा संगणक कमी-जास्त करतो. तेथे दिवे व पंखा लावून पुन्हा पाहावे. आकडा १२.६ वरच राहिला व उतरू लागला तर फॅनबेल्ट सैल आहे काय, अल्टरनेटरचा प्लग पुरता बसला आहे काय, मोठा फ्यूज उडाला आहे काय, हे पाहावे. चावी लावताच बॅटरीचे लाल चिन्ह पेटावे व इंजिन सुरू होताच विझावे. ते पेटतच नसेल तर ‘बरे झाले’ असे समजू नये. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरांना वीज निर्माण करण्यास आरंभीचा प्रवाह ह्याच बल्बातून मिळतो.

एका जुन्या सवयीविषयी मात्र आम्हांस कठोरपणे लिहावे लागत आहे. चालू इंजिनात बॅटरीची तार उपटून ‘डायनामो चालतो का’ हे पाहणारे अजून आहेत. जुन्या डायनामोच्या काळी ते खपून जात असेल. अल्टरनेटरच्या गाडीत तार उपटताच व्होल्टेज एकाएकी उसळते, आणि त्यातील डायोड व गाडीचा संगणक क्षणात जळू शकतो. पाचशे रुपयांचा मीटर वाचवून हजारोंचे नुकसान ओढवून घेण्याचा हा प्रकार होय.

काम करताना ऋण तार प्रथम काढावी व शेवटी लावावी; म्हणजे धन टोकावरचा पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडणार नाही. हातातील अंगठी काढून ठेवावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी नको. साफ केलेला जोड आधी घट्ट आवळावा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. पावसाळ्यात ते फार उपयोगी पडते.

आता आमच्या वाचकबंधूंची जुनी बॅटरी. ती पडवीत पडली असल्यास भंगारवाल्यास देण्याची घाई करू नये. चार्ज करवून तिच्यावर भार घालून तपासून घ्यावी. बहुधा ती निर्दोष निघेल. मात्र ही तपासणी ह्याच आठवड्यात करावी, कारण रिकामी बॅटरी महिनोन्महिने तशीच राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि मग ती खरोखरच निकामी होते.